खिळ्यावरचं लुगडं

साधना,

उठलीस की अंगणातल्या बादलीला हात लावू नकोस. तिच्यात मी कपड्याचे तुकडे सोड्यात भिजवले आहेत. या दिवसांत वाकून घासणं तुला नको. तसेही ते डाग निघत नाहीत, मी घासून पाहिलं.

ते तुझ्या आईच्या लुगड्याचे तुकडे आहेत. बाळाच्या दुपट्यांसाठी तू ते फाडून, धुऊन दाराच्या खिळ्यावर टांगलेस, हे मला ठाऊक नव्हतं. दर रविवारी मी जुन्या जीपच्या कामाला बसलो की ती त्याच खिळ्यावर जुनेर फाडून ठेवायची. "हे घ्या फडकं. माह्या नव्या लुगड्याले काळे हात नोका लावू," म्हणायची. काल तिथे मऊ फडकी दिसली आणि ती आता नाही, हे मी विसरलो. कार्ब्युरेटर, गिअर, हात, सगळं त्या फडक्यांनीच पुसलं. हिरवा काठ दिसला तेव्हा ओळखलं. तू चहाला हाक मारलीस, पण आत यायला मला तोंड नव्हतं.

चांदूर बाजारला तुझ्या मावशीकडे जातो. तेरवीनंतर आईचं एक लुगडं आपण तिला दिलं होतं. दिलेलं परत मागायची लाज वाटते, पण मागतो. यंदा शेतात कपाशीची पऱ्हाटी वाळली, नवं घेणं होत नाही, आणि नव्या कापडाची दुपटी लेकराला टोचतात.

दूध तापवून ठेवलं आहे.

तो खिळा उपटायला गेलो होतो. मग राहू दिला. दुपटी वाळवायला लागेल.

बाबा