एक माणूस कमी आहे

४ मार्च
नोकरी झकास आहे. खिडकीजवळचं टेबल मिळालं, न कुरकुरणारी खुर्ची मिळाली, आणि मागायच्या आत चहा आला. औषधांच्या चाचण्यांचे अहवाल करायचे. खरं तर करायचेही नाहीत. सांख्यिकीचा प्रोग्राम आकडेमोड करतो आणि त्यातूनच अख्खा अहवाल बाहेर पडतो: मथळे, तक्ते, आलेख, पानांचे क्रमांक, वाक्यंसुद्धा. मी फक्त बटण दाबायचं. संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, मग पगार तुला देतात की बटणाला?

६ मार्च
ही सगळी व्यवस्था माझ्या आधीच्या बाईंनी उभी केली. त्यांना सगळे नुसतं ताई म्हणतात. काम देखणं आहे. वाक्यं आधीच लिहिलेली, त्यांत मोकळ्या जागा: सहभागी झाले इतके, चाचणी पूर्ण केली इतक्यांनी, मध्येच सोडली इतक्यांनी, दगावले इतके. जागा डेटातून भरतात. अहवालात हाताने आकडा घालायची सोयच ठेवलेली नाही. शेवटी एक तपासणी. आलेल्या प्रत्येक माणसाचं पुढे काय झालं याचा हिशेब लागलाच पाहिजे. न लागल्यास अहवाल अडतो आणि पडद्यावर ओळ येते: एक माणूस कमी आहे, शोधा.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत वाद घालतो, म्हणून त्याचं नाव दशांश. ताई कुठे गेल्या, असं त्याला विचारलं. तो पेन्सिलीला टोक करत बसला.

९ मार्च
आज त्याने सांगितलं. दम्याच्या औषधाच्या चाचणीला माणसं कमी पडत होती. ताईंना दमा होता. साहेबांनी गळ घातली, त्या तयार झाल्या. औषध सुरू झालं आणि एके दिवशी ऑफिसच्याच जिन्यात धाप लागून त्या गेल्या. तू आपली लिफ्ट वापर, म्हणाला.

११ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दम्याचा अहवाल शुक्रवारी जायचा आहे आणि त्यात एक मृत्यू येतोय. बाईंचा दमा जुनाच होता, त्याचं खापर औषधावर का, असं त्यांचं म्हणणं. ताईंची नोंद त्यांनी स्वतः डेटातून काढून टाकून पाहिली होती, मग दशांशनेही. दोन्ही वेळा ताईंनीच रचलेली तपासणी आडवी आली. तुम्ही नव्या आहात, डोकं ताजं आहे, म्हणाले. जमलं तर नोकरी कायम.

मी नोंद काढली आणि डेटातला सहभागींचा मूळ आकडाही एकाने उतरवला. तपासणी निमूट पार पडली. साहेबांनी शाबासकी दिली. मला आनंद झाला, तो इथे लपवत नाही.

१२ मार्च
ताईंची आई आली होती. लिफ्ट बंद, तीन मजले चढून आली. साहेब नाहीत, हे सांगायला मला पुढे केलं. तिला फार काही नको होतं.

"एक ओळ लिहा, बाई. माझी मुलगी औषधाने गेली, एवढीच. मग मी पुन्हा तुमच्या दारात यायची नाही."

"आजी, अहवाल आपोआप तयार होतो. आमच्या हातात काही नसतं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग मुलीचं पूर्ण नाव सांगितलं. दोनदा, लहान मुलाकडून पाठ करून घ्यावं तसं. मी मान डोलावली. लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.

१३ मार्च
अहवाल गेला. डेटाला कुलूप लागलं. आता साहेबांच्या सहीशिवाय त्यात कुणालाही बदल करता येणार नाही. दशांशने सगळ्यांना आइस्क्रीम खिलवलं.

१६ मार्च
ऑफिससाठी प्रत काढायला बटण दाबलं. दगावले: एक. खाली तपशील. पुरुष, वय चोपन्न, जिन्यात धाप लागून. चाचणीत या वयाचा पुरुष नाहीच. दशांश म्हणाला, साहेब, वय तर तंतोतंत तुमचं, जरा जपून. साहेबही हसले. जेवायच्या सुट्टीत लिफ्ट अडली. ते जिन्याने उतरले.

१७ मार्च
साहेब गेले. जिन्यात सापडले. दोन्ही हात कॉलरमध्ये अडकलेले. डॉक्टर म्हणतात, हृदय.

१८ मार्च
दगावले: दोन. दुसरा पुरुष, वय एकोणतीस.

दशांश एकोणतीस वर्षांचा आहे. ताईंना परत घाल, म्हणाला. तूच शेवटी काढलंस, तूच घाल. पण कुलूप. सही लागते. सही करणारा माणूस गेला. दशांश लवकर घरी गेला. त्याचं घर तळमजल्यावर आहे. आमच्याकडे जिनाच नाही, असं दारातून वळून म्हणाला.

१९ मार्च
दशांश त्याच्या घराशेजारच्या इमारतीत सापडला. जिन्यात. तिकडे कशाला गेला, घरात कुणालाच माहीत नाही.

आधी साहेबांनी काढलं. मग त्याने. मग मी.

२० मार्च
मी बटण दाबलं नाही. प्रिंटर आपणच सुरू झाला.

दगावले: तीन. स्त्री, वय सत्तावीस.

ताईंची नोंद घालून पाहिली. सही मागतो. पुन्हा घातली. सही. वायर उपटली— कागद येतच आहेत. मथळे, तक्ते, सगळं जागच्या जागी. देखणं.

आजीला तिची ओळ द्यायची. हाताने लिहून. आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली होती, मग पुन्हा दारात यायची नाही—

लिफ्ट बंद.

त्याच दिवशी, जिन्यात
दुसरा मजला येत नाही. उतरतेच आहे. बसले आहे. वही गुडघ्यावर—

खालून कुणीतरी चढतंय. थांबतं. दम खातं. पुन्हा चढतं—

इथेच लिहिते. ताई औषधाने गेल्या. त्यांना मी काढलं. या हातांनी. नुसतं ताई लिहून चालणार नाही, पूर्ण नाव हवं— दोनदा सांगितलं होतं आजीने— दोनदा— मी मान डोलावली— श्वास

पहिलं अक्षर तरी—

आली. विचारते आहे. काय नाव माझं

नाव