पेन्सिलीचे डोंगर

ग्रोहोल्म, ४ सप्टेंबर

चि. शेटिल यास अ. उ. आ.

तू म्हणालास तसंच केलं. वाचनालयाच्या स्कॅनरवर बाबांच्या समुद्रवाटांच्या खुणांच्या वहीची चौसष्ट पानं काढली, फाइल जड होऊ नये म्हणून 'काळं-पांढरं' ठेवून. मग वर्डमध्ये चिकटवली आणि पीडीएफ केली. आता शाईची अक्षरं दिसताहेत, पण पेन्सिलीचे डोंगर गायब! डोंगराचं टोक कुठल्या खडकाच्या रेषेत आलं की सुकाणू वळवायचं, तेच दिसत नसेल तर वहीत राहिलं काय?

बाबांनी या खुणा पन्नास वर्षं कुणाला दाखवल्या नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. तू गळ घातलीस म्हणून बेटाच्या वार्षिक अंकाला द्यायला तयार झाले. आणि हल्ली ते मला आईच्या नावानं हाक मारतात रे. महिनाअखेरीस छपाई आहे. लवकर कळव. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी ताई,
तुरिद

बर्गन, ९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, आयुष्यभर मुलांना गणित शिकवलंस आणि एका पीडीएफनं घाबरलीस? तू 'सर्वांत लहान आकार' निवडला असणार. 'छपाईसाठी' निवड. वर्डही चित्रं गुपचूप दाबून बारीक करतो, ते आधी बंद कर. आणि चित्र चिकटवू नकोस, फाइलमधून घाल.

बाबांना हे वाचून दाखव: तुमची वही आता संगणकात कायमची सुरक्षित आहे, निर्धास्त राहा. रविवारचं गोड वॅफल माझ्या वाटणीचंही खा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शेटिल

ग्रोहोल्म, १५ सप्टेंबर

चि. शेटिल यास अ. आ.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. खूश झाले, तुझं लहानपण आठवत बसले.

तू सांगितलेलं सगळं करून पाहिलं. काही उपयोग नाही. शेवटी वर्ड, पीडीएफ सोडून मूळ स्कॅनच उघडला. तिथंही डोंगर नाहीत. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या की काळ्या-पांढऱ्यात यंत्र फिकट रेघ सरळ पांढरी धरतं. म्हणजे बिघाड पहिल्याच पायरीवर, आणि ती पायरी तू सांगितलेली. आता काय करू?

तुरिद

बर्गन, १९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

चुकलोच. मान्य. पण एवढं काय त्यात? वही उचल आणि पुन्हा स्कॅन कर, या वेळी राखाडी छटांत, बारकावा सहाशे डीपीआयवर ठेवून. दोन तासांचं काम आहे. उगाच रडतेस.

रागावली असलीस तरी माझी आठवण ठेव.

शेटिल

ग्रोहोल्म, २८ सप्टेंबर

शेटिल,

वही नाही.

ती आणायला गेले तेव्हा कळलं. तुझं पत्र ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांनी ती चुलीत घातली. मी दुकानात गेले होते. आपल्याकडे खुणांची वही मालकामागं उरू द्यायची नसते, हे तुलाही ठाऊक आहे. आजोबांची आपण दोघांनीच जाळली होती, विसरलास? बाबांना वाटलं, तुझ्याकडे सुरक्षित आहे, मग आपण आपलं कर्तव्य करून मोकळं व्हावं. पुठ्ठा तेवढा पेटायला वेळ लागला, असं मला हसत सांगत होते.

मी त्यांना बोलले. नको तेवढं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला सांगितलं की शेटिलला वाईट वाटू देऊ नकोस, मी पुन्हा काढून देतो. चार दिवस खिडकीशी बसून त्यांनी बंदरात शिरायच्या वाटेचं पान काढलं. यंत्राला दिसावं म्हणून पेन्सिल इतकी दाबली की कागद दोन ठिकाणी फाटलाय.

स्कॅन केलं. राखाडी छटांत, सहाशेवर. वर्डमध्ये घातलं, पीडीएफ केलं. इतकं स्वच्छ आलंय की काय सांगू! फक्त बंदराच्या तोंडाशी डाव्या हाताला असलेला घोडखडक त्यांनी उजवीकडे दाखवलाय. या पानाच्या भरवशावर जी होडी आत येईल, ती सरळ खडकावर जाईल.

बाबा रोज विचारतात, छापलं का म्हणून. मी हे छापायला देणार नाही. का देणार नाही, ते तू इथं येऊन त्यांच्या तोंडावर सांग.

या खेपेला लोभाचं काही लिहीत नाही.

तुरिद