बधिर गालाची पारख

५ फेब्रुवारी, शनिवार

चि. धाकट्यास, दुखऱ्या दाढेसकट आशीर्वाद.

पत्रास कारण अत्यंत गंभीर आहे. तू पाठवलेली सोनेरी काच ‘माझ्या भावाने चढवलेलं अस्सल सोनं’ म्हणून अस्मादिकांनी आळीभर मिरवली. शेजारच्या शिंप्याने ती डोळ्यांना लावली आणि म्हणाला, गुरुजी, हिच्यातून तुम्ही हिरवे दिसता. मग तुझ्या वहिनीने पाहिलं. काचेचा दोष नाही, म्हणाली, आणि ती परत दिली. समोरून सोनं आणि पलीकडून हिरवट असे नातेवाईक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यासाठी टपालखात्याला त्रास कशाला?

तुमच्या भट्टीवरच्या मुकादमाने, त्या हत्तीने, हातमोज्यांच्या भांडणात एकाचं नाक फोडलं हे वाचून वहिनीच्या हातातली पळी खाली पडली. तू आपला काचांच्या खोलीतच राहा. आणि ती दाढ उपटून घे. गेली चार पत्रं तीच लिहिते आहे, तू नुसती सही करतोस.

लोभ आहेच, दाढ गेल्यावर वाढेल.
तुझा दादा


११ फेब्रुवारी, शुक्रवार

ती. दादास, मान वळत नसल्याने अर्धाच नमस्कार.

तुझी आज्ञा पाळली. काल सकाळी दाढ काढली. दोन वेळा मोडली, तिसऱ्यांदा त्या डॉक्टरने गुडघा माझ्या खुर्चीला टेकवून ओढली. बधिर करायच्या सुईने डावा गाल संध्याकाळपर्यंत लाकडाचा झाला होता. चहा हनुवटीवरून शर्टात गेला तेव्हा समजलं की मी चहा पितोय.

काच हिरवी दिसते तोच तर तिचा गुण! केसाच्या जाडीचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा सोन्याचा थर असतो तो. एवढा पातळ की थोडा उजेड आरपार जातो, तोही हिरवा. पण उष्णतेला तो आल्या पावली परत पाठवतो. भट्टीसमोरचा माणूस ही काच तोंडावर ओढून वितळलेल्या धातूकडे बघतो आणि त्याचं तोंड गार राहतं. थर पातळ पडला तर मात्र खेळ संपला.

म्हणून आमची जुनी रीत आहे. लालबुंद कांबीसमोर काच धरायची आणि मागे आपला गाल लावायचा. डोळा फसतो, गाल फसत नाही. काल दाढेनंतर तसाच कामावर गेलो. आमच्या खोलीत सोनं तोलणाऱ्या म्हाताऱ्या वजनकाकांनी नेहमीसारखी सोन्याची तार तोलून दिली, मी हवा काढलेल्या काचेच्या घुमटात तिची वाफ करून एका घाण्यात बारा काचा काढल्या. हिरवा किंचित फिका वाटला, पण गालाला बाराही गार लागल्या. सगळ्या पास केल्या.

वहिनीला नमस्कार. काचेचा दोष नाही हे मीही मानतो.
तुझा धाकटा


२२ फेब्रुवारी, मंगळवार

ती. दादास नमस्कार.

दादा, त्या बारांतली एक काच घातलेला माणूस काल भाजला. धातू ओतून घ्यायला भट्टीचं तोंड फोडलं तेव्हा तो जवळच उभा होता. काचेमागे कातडी करपायला लागली म्हणून त्याने ती वर ढकलली, आणि त्याच क्षणी धातू उसळला. गालाची साल कानापासून लोंबत होती. डावा डोळा गेला.

हत्तीने उरलेल्या काचा उन्हात धरल्या. सगळ्या फिक्या. थर पातळ म्हणजे सोनं कमी, सोनं कमी म्हणजे तोलणारा चोर. आठ-दहा जण पहारी घेऊन आमच्या खोलीत घुसले. वजनकाकांना त्यांच्याच तराजूच्या साखळीने ओढलं. पहिला घाव कोपरावर बसला, हाड बाहेर आलं. म्हातारा ओरडत होता, मी तोलून दिलंय, त्याला विचारा. कुणीतरी त्यांच्या तोंडावर बूट मारला, मग शब्दच उमटेनात. एकाने काचेच्या मोठ्या घुमटावर पहार घातली. आत हवा नव्हती. तो आतल्या आत फुटला आणि सगळ्यांच्या अंगात काचा घुसल्या. फरशीवर रक्त कोणाचं ते कळत नव्हतं.

मी कपाटामागे होतो.

आज खोली झाडताना, सोनं ज्यात वितळवतो ते धातूचं पात्र सापडलं. त्यात मोहरीएवढी सोन्याची गोळी चिकटलेली. तार पूर्ण वाफ होऊन उडालीच नव्हती. तोलून बरोबर दिलेली होती. दर घाण्यानंतर पात्र बघायचं असतं. त्या दिवशी दाढेच्या नादात बघितलं नाही. आणि गाल बधिर होता, दादा. मी काच बधिर गालाने तपासली.

गोळी माझ्या खिशात आहे. काकांना चार तारखेला इस्पितळातून सोडणार. हत्ती सगळ्यांदेखत म्हणाला की गेटातून आत आला की त्याला भट्टीत उभा घालीन. तो नुसतं बोलत नाही. मी काय करू?

तुझा


२६ फेब्रुवारी, शनिवार

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं आहे, असं लिहायला बसलो होतो. जमत नाही.

काल तुझी काच शेगडीसमोर धरून मागे गाल लावला. गार लागला. वहिनीनेही लावून पाहिला. म्हणजे तुला काम येतं. एक दिवस चुकलं. त्या दिवसात दाढ उपट म्हणणारा मीही आहे.

वर्गाच्या परीक्षा आहेत, गुरुवारी दुपारी पोचेन. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. बुधवार तुझा आहे. ती गोळी घेऊन आधी पोलिसांकडे जा, त्यांना सोबत घेऊन व्यवस्थापकाकडे, आणि मग हत्तीसमोर बोल. एकटा जाऊ नकोस. मार बसेल, कदाचित फार बसेल. वहिनीने मलमपट्टीचं सामान माझ्या पिशवीत आताच भरलंय.

आता खरं सांगतो. तीस वर्षं मुलांकडून सत्यावरचे श्लोक घोकून घेतले. तुझं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की गोळी गटारात टाक आणि गप्प बस. दुसराही तोच आला. मला हत्तीच्या पहारीची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती वाटते ती ही, की तिथे येऊन तुझं तोंड पाहिलं की मीच तुला म्हणेन, बोलू नकोस.

म्हणून मी पोचायच्या आधी बोल.

तुझा दादा