सतरा नंबरचा दगड आणि तुझ्या मातोश्री

दुखान, कतार
८ मार्च १९८४

चि. जालिंदर यास प्रतापदाजींचे, दातओठ खात का होईना, आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेलच. असायलाच हवी, तुझ्या मातोश्री सध्या आमच्याकडे आहेत.

तू म्हणशील, दाजी चिडले की काय? चिडले? अरे, तळपायाची आग मस्तकात गेली आहे माझी! कंपनीतून बिनपगारी रजा काढून, एका परदेशी प्रोफेसरांच्या तुकडीबरोबर मी दक्षिण ध्रुवाकडच्या त्या दरीत दगड गोळा करायला गेलो होतो, हे तुला ठाऊकच आहे. (चहूकडे बर्फ आणि ही एकटी दरी कोरडी ठणठणीत!) वारा असा, की उभ्या माणसाला खाली बसवतो. त्या वाऱ्यानं लाखो वर्षं घासून तिथल्या दगडांना गुळगुळीत पैलू पाडलेत. कुठला पैलू कुठल्या दिशेला होता यावरून जुना वारा कळतो, म्हणून उचलण्याआधी प्रत्येक दगडावर रंगानं नंबर आणि बाण काढायचा. बोटं बधिर व्हायची रे. त्यात सतरा नंबर म्हणजे हिरा! हेलिकॉप्टरवाला वजन जास्त म्हणाला तेव्हा मी लोकरीचे कपडे तिथंच टाकले, पण सतरा सोडला नाही. येत्या दहा एप्रिलला प्रोफेसर तोच बघायला दोह्यात उतरणार आहेत. त्यांच्या निबंधात माझं नाव लागणं त्या एका दगडावर आहे.

आता तुझ्या मातोश्री. येताना त्यांनी नाशिकहून पाटा आणला (मिक्सरमधली चटणी त्यांना बेचव लागते) आणि वरवंटा मुंबईला विमानतळावर वजनात राहिला. परवा मी कामावर असताना बाईंनी पलंगाखालची माझी पेटी उघडली. चाळीस दगडांतून नेमका सतरावाच त्यांच्या हाताला बसला! बरं, नुसता वापरला असता तर धुऊन घेतला असता. पण फार गुळगुळीत, मिरची सरकते, म्हणून पोपटरावाला (कंपनीतला गवंडी, बीडकडचा) बोलावून दगडाला टाकी लावून घेतली! लाखो वर्षांच्या वाऱ्याचं काम त्यानं छिन्नीनं अर्ध्या तासात खलास केलं, नंबर आणि बाणसुद्धा खरवडून साफ, आणि वर त्याच दगडावर वाटलेला ठेचा भाकरीशी खाऊन गेला. सरोज, म्हणजे तुझी बहीण आणि दुर्दैवानं माझी बायको, म्हणते की आईला काय ठाऊक! पेटीवर मी तीन भाषांत हात लावू नये असं लिहिलं होतं. मी ओरडलो तर आई शांतपणे म्हणाल्या, जावईबापू, एवढं लांब गेलात तर पाटाही तिथलाच आणायचा होता.

माझे हात टेकले. पहिल्या विमानानं ये आणि त्यांना घेऊन जा.

तुझा संतापलेला दाजी,
प्रताप

ता.क. न्यायची एवढी घाई नको. आईंचा व्हिसा मी आजच दोन महिने वाढवून घेतला. ठेचा झकास होतो, खोटं कशाला बोलू.

आणखी एक ता.क. खरं काम राहिलंच. हे पत्र देणारा मुनाफ माझ्याच ऑफिसातला, पंधरा दिवसांनी इकडे परततो. त्याच्याबरोबर गोदावरीच्या पात्रातला एक काळा, गुळगुळीत, वीतभर लांब दगड पाठव. नंबर आणि बाण मी काढतो. सरोजला यातलं काही लिहू नकोस. आणि आईंना तर चुकूनही कळता कामा नये. त्या प्रोफेसरांना ताटात वाढता वाढता खरं सांगून मोकळ्या होतील.