परमुलखातला खांदा

ती. स्व. आबाकाका,

किरणचा आयर्लंडातून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? शेजारच्या नम्रतावहिनी गोळ्या वेळेवर देतात आणि तुम्ही त्या खिशात घालता, हे मला इथवर कळलंय. आपल्या कोंडाण्याचं भात पोटरीत आलं असेल. फोनऐवजी कागद पाठवतोय, कारण फोन लागला की आई स्पीकर चालू करते आणि अर्धी आळी ऐकते. पत्र वहिनींकडून वाचून घ्या, पण दार लावून.

शनिवार-रविवारचं काम मिळालं नाही तर मला शिक्षण सोडून परत यावं लागणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (आई रोज विचारते, मिळालं का.) परवा एका हॉटेलात भांडी घासायचं काम विचारायला निघालो, तर वाटेत चर्चमधून मयत निघाली. इथे तिरडी नसते, पेटी असते, आणि ती चांगली जड. मागचा खांदेकरी म्हातारा, पार वाकला होता. आपल्याकडे अशा वेळी कुणी उभं राहून बघतं का? मी पिशवी कुंपणाला अडकवली, बूट काढले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खाली शिरलो. तो दचकला, पण सरकला. मग मी खांदा बदलायला कुणी येईल म्हणून वाट बघतोय, तर कुणी येईचना. इथे ज्यानं धरलं त्यानंच शेवटपर्यंत न्यायचं, आणि स्मशान टेकडीवर. माथेरानला हातरिक्षा ओढणाऱ्यांना माझा इथून दंडवत सांगा.

माती झाल्यावर सगळे जेवायला त्याच हॉटेलात, जिथे मला काम विचारायचं होतं. आता मयतीहून अंघोळ केल्याशिवाय मी अन्नाला हात कसा लावणार? दाराबाहेरच उभा राहिलो. कुणी मिठी मारायला आलं की मागे सरायचो. लोकांना वाटलं, पोराला दुःख आवरत नाही. शेवटी गेलेल्या गृहस्थांची बायको, नोराबाई, सूपचा वाडगा घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, माझा नवरा तुला कुठे भेटला. मी खरं ते सांगितलं, की आत्ताच, रस्त्यात. वाटलं, आता हाकलते. बाईनं वाडगा माझ्या हातात दिला.

"त्यांचा पुतण्या कॅनडात आहे रं बाबा," ती म्हणाली. (इंग्रजीत, पण सूर हाच.) "त्याला सुट्टी नाही मिळाली. म्हणून खांदेकरी भाड्यानं आणला."

सूप मी तिथेच प्यायलो, बिनअंघोळीचा. वाडगा रिकामा करूनच परत दिला, काका.

बाकी ठीक. काम मिळालं. आईला सांगा, वाहतुकीच्या धंद्यात आहे. काळा कोट देतात, गाडी लांबलचक आहे, आणि गिऱ्हाईक भांडत नाही.

तुमचा
किरण

ता. क. : वाहतूक म्हणजे तीच. त्या वाकलेल्या, भाड्याच्या खांदेकऱ्याची जागा मला मिळाली. आईला कळलं तर ती पुढच्या विमानानं मला न्यायला येईल, म्हणून सांभाळून घ्या.

आणखी एक ता. क. : निघताना कर्जत स्टेशनवर तुम्ही म्हणालात, आता माझ्या वेळी खांदा कोण देणार, आणि मी हसण्यावारी नेलं. येईन, काका, कुठूनही येईन. पण गोळ्या घ्या. मेपर्यंत मला सुट्टी नाही.