अव्वाचं झुकतं माप

अव्वा, तुझ्या नातीनं काल मला माझाच शिळा विनोद काढून दाखवला. दिवाळी अंकासाठी लिहिलेला लेख मी मोठ्या रुबाबात तिच्यापुढं टाकला होता. तिनं तो वाचला, हसली नाही, आणि म्हणाली, "बाबा, हे नगरसेवकाचं वाक्य तुम्ही दोन वर्षांपूर्वी आमदारावर लिहिलं होतं. तेव्हाही जमलं नव्हतं." एरवी माझ्या लेखनाला नावं ठेवणाऱ्याला मी पुढचे चार लेख सोडत नाही. काल मात्र स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकलो आणि एकटाच हसत राहिलो. जिच्या डोक्यात काही राहील की नाही याची आपण सगळ्यांनी धास्ती घेतली होती, तिच्या डोक्यात आता माझी फसलेली वाक्यंसुद्धा राहतात. सतरा वर्षांची झाली ती.

ती जन्मली तेव्हा तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले होते. मग डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं, की हिला प्रथिनांमधला एक घटक पचत नाही. हा दोष आईबाप दोघांकडून आलाय. तो घटक रक्तात साठत गेला तर मेंदूची वाढ खुंटेल. बेतात राहिला तर पोर चारचौघींसारखी शिकेल, भांडेल. आधी डब्यातली खास पावडर कालवून पाजायची, मग ठरलं तेवढंच आईचं दूध. तू तिथंच म्हणालीस, "आईचं दूध मागनं? ही कुटली रीत?" पुढं काय काय वर्ज्य, ती यादी बाई वाचत गेल्या. डाळ, दही, पनीर इथपर्यंत तू मान हलवत होतीस. शेंगदाणे आले आणि तू उसळलीस. "शेंगाची चटणी बी न्हाय? मग सोलापुरात कशाला जन्मली म्हणायची ही!" बाई हसल्या. तुझी सून रडता रडता हसली. मी हसलो नाही. विनोद दुसऱ्यानं केला की मला जड जातं.

घरी आल्यावर तू त्या पावडरीचं बोट चाखून बघितलंस आणि तोंड असं केलंस, की तुझी सून पुन्हा हसली. पोर मात्र ते गटागटा प्यायची. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं. भात किती, बटाटा किती, सगळं ग्रॅमवर. साबुदाणा चालतो म्हटल्यावर तुला कोण आनंद! "म्हाशिवरात्रच जन्माला आली की आपल्या घरात," असं तू सगळ्या बिल्डिंगला सांगून आलीस. आहाराच्या मॅडमनी दिलेला बॅटरीचा काटा तू कपाटावर टाकलास आणि अप्पांच्या भुसार दुकानातला वेलदोडे-जायपत्री तोलायचा छोटा पितळी तराजू घासूनपुसून काढलास. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये, मिक्सर आणि वॉटर फिल्टरच्या मधोमध, खिळ्याला टांगलेला तराजू. बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, मी लिखाण सोडून सोनारकी सुरू केली.

आणि रक्ताचा रिपोर्ट वाढून आला. पुढच्या आठवड्यात आणखी वाढला. पावडर तीच, भात तेवढाच, मग हे येतंय कुठून? सुनेनं स्वतःला दोष दिला, मी सुनेला दिला, आणि सवडीनं बाईंच्या लॅबलाही. एका सकाळी मी चहा मागायला स्वयंपाकघरात येतो तर तू तराजू धरून उभी. भात आणि वजन बरोब्बर समोरासमोर येतात. तू ते डोळे बारीक करून बघतेस. आणि मग अगदी सहज, चिमूटभर भात वर टाकतेस. पारडं खाली जातं. तुझ्या चेहऱ्यावर समाधान.

"अव्वा, हे काय?"

"काय म्हंजे? आपल्या दुकानातनं कुनाला काट्यावर काटा तोलून दिलंय व्हय? गिऱ्हाइकाला बी वर चिमूट टाकत आलो. नातीला मोजून घालू?"

चाळीस वर्षं तोलणाऱ्या हाताला पारडं झुकल्याशिवाय थांबता येत नव्हतं, एवढीच गोष्ट होती. मी समजून घ्यायला हवं होतं. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, "तुझी ही चिमूट तिच्या मेंदूत जाते, अव्वा. उद्या ती तुला ओळखणार नाही, तेव्हा बस माया तोलत." तू वर टाकलेली शितं एक एक करून वेचलीस.

दुसऱ्या दिवसापासून तू तोलून झालं की दोन्ही हात पाठीमागं घ्यायचीस आणि घट्ट बांधून ठेवायचीस, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. पण काहीतरी वर टाकल्याशिवाय तुला चैन पडेना. मग तू वरून एक कन्नड शब्द टाकायला लागलीस. प्रत्येक घासाला बेक्कू, कागे, चंद्रा. मांजर, कावळा, चांदोबा. याचा कुठल्याच रिपोर्टवर परिणाम होत नव्हता. पोर बोलायला लागली ती दोन भाषांत. अडीच वर्षांची असताना तिनं तुला दटावलं होतं, "अज्जी, काटा मधे नाही आला!" आणि तू अख्ख्या घराला हाका मारल्या होत्यास, "ऐकलं का रे? हिनं माझी चूक धरली की!"

आता ती स्वतःचं जेवण स्वतः मोजते, मोबाइलवर टिपते, कॉलेजच्या कँटीनवाल्याशी दाण्याच्या कुटावरून वाद घालते आणि जिंकते. अक्कलकोटच्या पाहुण्यांपुढं माझ्यावर कन्नडमध्ये काहीतरी बोलते. सगळे हसतात. मला निम्मं कळत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्न नाही, टाकणार नाहीच. पण एक राहिलंय. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच रिपोर्ट खाली आला, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, घरी तोलून कोण घालतं? मी म्हणालो, आई. त्या म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांगा. हे त्यांनी केलंय." घरी येऊन मी तुला एवढंच सांगितलं, की बरा आलाय. रागाच्या भरात बोललेलं मागं घ्यावं लागेल म्हणून नमस्कार खिशातच ठेवला, आणि तू गेलीस तोवर तो तिथंच होता.