अँटेनाखाली चालू झालेला फोन

आप्पा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी पुण्यात बसून तुमच्याच रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांनी गोळा केलेल्या जुन्या नोंदी चाळते आहे. पहिले तारे पेटायच्या सुमारास हायड्रोजनने सोडलेल्या रेडिओ लहरी त्यात शोधायच्या आणि त्यांवरून न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. अजून हाती भोपळाच आहे. माणसांच्या फोन-मोटारींचा रेडिओ-गोंगाटच इतका, की तो उपसता उपसता जीव मेटाकुटीला येतो.

तुमचं काम ग्रीस लावायचं, बोल्ट आवळायचं. पण शांततेची राखण जणू तुमच्यावरच सोपवलेली. वारूळवाडीत कुणाच्या मोटारीचा स्टार्टर ठिणग्या टाकतोय असं कळलं की तुम्ही सायकल काढायचात. "तेवढा नीट करून घ्या, राव. आमाला लई बारीक ऐकायचं असतंय." लोक हसायचे. अकरावीत असताना मी तुमचा डबा घेऊन अँटेनापाशी आले, फोन खिशात चालूच राहिला, तर तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "बंद कर आधी! घरी कुणी मेलं तरी हितं फोन चालू करायचा न्हाई!" मी डबा तिथेच ठेवून रडत घरी गेले. तो राग बरीच वर्षं धरून होते.

म्हणूनच तुम्ही गेलात त्या दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुमचा नंबर दिसला, तेव्हा वाटलं, तुम्ही फोन घरी विसरलात आणि आई काहीतरी किरकोळ विचारतेय. मी कट केला. संध्याकाळी काका न्यायला आले. छातीत कळ येऊन तुम्ही अँटेनाच्या पायथ्याशी पडला होतात, हातात फोन, तोही बंद. आई अजून पाहुण्यांना अभिमानाने सांगते, "मरताना बी नियम मोडला न्हाई त्यांनी." त्या दुपारी तुमचा फोन आला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तो फोन तुम्ही आत जायच्या आधी, सहज केला असेल, अशी मनाची समजूत घालून इतकी वर्षं काढली.

आज त्या दुपारची नोंद समोर आली. बाहेरचा गोंगाट टिपणाऱ्या यंत्रात एक बारीक रेघ आहे, तुमच्याच अँटेनापाशी सगळ्यात ठळक. मला फोन आला त्याच वेळी, मिनिटभर फोन चालू, मग बंद. म्हणजे मी कट केल्यावर तुम्ही तो पुन्हा बंद केलात, आप्पा. दुसऱ्या कुणाला लावलाही नाहीत. मला माझी लाज वाटते.

शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, "काय आहे ते?" मी म्हटलं, "काही नाही, कुणाचा तरी फोन." गोंगाट असला की तेवढा भाग खोडून पुढे जायचं, असा आमचा नियम आहे. हे पत्र आईला दाखवायचं धाडस माझ्यात नाही. आणि ती रेघ मी खोडली. तुमचा फोन आज दुसऱ्यांदा कट केला.